लगागाच्या चालीवर इटालियन

४ फेब्रुवारी

टक् — टाक् — टाक्. टेबलाच्या कडेवर गुरुजींची लाकडी पट्टी. एक हलका, दोन जड. लगागा लगागा लगागा लगागा. आख्खा वर्ग त्या ठोक्यावर डुलत कविता म्हणायचा. कवितेचा अर्थ पुढच्या वर्षी कळला तरी चालेल, पण ठोका चुकला की ती पट्टी टेबल सोडून हातावर यायची.

इतक्या वर्षांनी हा आवाज आज कानात आला तो फोनमधल्या बाईंमुळे. बाई एक वाक्य म्हणतात आणि थांबतात. आपण म्हणायचं. पुन्हा वाक्य, पुन्हा थांबणं. त्या रिकाम्या जागेत मला चक्क पट्टी ऐकू आली, आणि मी डुलायलाच लागलो.

आजपासून इटालियन शिकतो आहे. छोटे छोटे धडे आहेत, चहा निवायच्या आत एक संपतो. धडा पहिला : बुओन्जोर्नो. कोमे स्ता? म्हणजे नमस्कार, कसे आहात?

आक्का स्वयंपाकघरातून म्हणाली, "एवढं वय झालं, अजून मराठीत नीट बोलत नाहीस माझ्याशी, आणि आता हे." थोरली बहीण आहे. तिला बोलायचा हक्क आहे. मी म्हटलं, "बुओन्जोर्नो, आक्का." ती म्हणाली, "शिव्या देऊ नकोस."

६ फेब्रुवारी

धडा तिसरा पाठ. चालीवर घातला की काहीही पाठ होतं. गुरुजी, आहात कुठे?

११ फेब्रुवारी

का शिकतो ते इथे लिहून ठेवतो. आक्काला सांगितलेलं नाही.

माझ्या लेकीला, ठकीला, तिकडे इटलीत बाळंतपणासाठी मे महिन्याच्या सुरुवातीची तारीख दिली आहे. जावई जहाजावर, तेव्हा असेलच याची खात्री नाही. जवळ असणार त्या विहीणबाई. बाई प्रेमळ आहेत. रोज सकाळी न चुकता त्यांच्या खिडकीतल्या कुंड्यांचा फोटो पाठवतात. पण त्यांना ठकी ठाऊक नाही. म्हणजे सून म्हणून ठाऊक आहे. दुखणारी ठकी ठाऊक नाही.

ठकीला दुखलं की ती सांगत नाही. विचारलं तर म्हणते, "काही नाही." आणि आवराआवर करायला लागते. तिसरीत असताना पोटात दुखत होतं, तर पोरीने आख्खं कपाट खाली काढलं आणि एकेक कपडा घडी घालून परत रचला. मी कौतुकाने बघत बसलो. म्हटलं, किती गुणाची पोर! तिची आई बाहेरून आली, घड्यांकडे एकदा बघितलं आणि चप्पलही न काढता तिला उचलून दवाखान्यात घेऊन गेली. अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं. डॉक्टर म्हणाले, आईमुळे वाचली.

तिची आई आता नाही. ही खूण जगात फक्त मला माहीत आहे. आणि विहीणबाईंना इटालियनखेरीज दुसरं काही येत नाही.

ठकीलाच दुभाषी करून कसं सांगणार? ती हसून म्हणणार, "बाबांचं काहीतरीच," आणि तिकडे भलतंच सांगणार. जावयाचं इंग्रजी आणि माझं इंग्रजी यांची अजून ओळख व्हायची आहे. फोन आपोआप भाषांतर करून बोलतो म्हणे. करून पाहिलं. तो हे इतक्या थंडपणे बोलला की बँकेतून फोन आल्यासारखं वाटलं. नको. जन्मभर दुसऱ्यांचे निरोप सांगितले. हा माझा आहे.

१९ फेब्रुवारी

आज मोठा शोध लागला! इंग्रजीत विहिणीला शब्द नाही, लांबलचक नातं उलगडून सांगावं लागतं. इटालियनमध्ये आहे. कोन्सुओचेरा! आणि व्याही म्हणजे कोन्सुओचेरो. ज्या भाषेत विहीण आहे ती भाषा परकी कशी म्हणायची? आक्काला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे तिकडेही मानपान असणार."

प्रवासाचे धडे गाळले. 'स्टेशन कुठे आहे', 'एक तिकीट द्या'. मला काय करायचंय? मागच्या वर्षी जिन्यात चक्कर येऊन पडलो, तेव्हा डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की एकट्याने लांब जायचं नाही. आक्काच्या गुडघ्यांना तर खालचं दुकानसुद्धा लांब. विषय मिटला.

गंमत एवढीच की तीस वर्षं बस-स्थानकाच्या त्या काचेच्या खोलीत बसून मी साऱ्या जगाला गाड्या सांगितल्या. फलाट अमुक, गाडी तमुक, प्रवाशांनी नोंद घ्यावी. लोक माझ्या आवाजावर बॅगा उचलून धावायचे. मी मात्र संध्याकाळी चालत घरी.

२ मार्च

चार ओळी तयार! 'स्ता माले', तब्येत बरी नाही, हे दवाखान्याच्या धड्यातून घेतलं. 'निएंते', म्हणजे काही नाही, दुकानाच्या धड्यातून. घडी घालण्याला मात्र फोनमधल्या बाईंकडे शब्द नव्हता. वाचनालयातल्या जाड शब्दकोशातून काढला. ग्रंथपाल बाई विचारतात, "काय शोधताय आजोबा?" मी म्हटलं, "घडी." त्या म्हणाल्या, "भिंतीवर आहे की."

क्वांदो स्ता माले, दीचे निएंते.
ए पिएगा ई पान्नी.
नॉन ले क्रेदा.
किआमि इल दोत्तोरे.

तिला बरं नसलं की म्हणते, काही नाही. आणि कपड्यांच्या घड्या घालते. तिच्यावर विश्वास ठेवू नका. डॉक्टरांना बोलवा.

लगागात बसवताना जरा ओढाताण झाली, पण बसल्या. खिडकीत उभा राहून मोठ्याने म्हटल्या. समोरच्या गच्चीवरची बाई वाळत घालायचं थांबवून ऐकत राहिली. स्वतःच्या ओळी स्वतःलाच आवडाव्यात असं शाळेनंतर प्रथमच झालं.

८ मार्च

विहीणबाईंना फोन केला. नंबर ठकीनेच लग्नानंतर फोनमध्ये घालून दिला होता.  "बुओन्जोर्नो, कोन्सुओचेरा!" त्या आनंदाने काहीतरी भराभर बोलल्या. मी थांबलो नाही. थांबलो असतो तर सगळं विसरलो असतो. डोळे मिटले आणि चारही ओळी म्हटल्या.

 पलीकडून टाळ्या. "के बेल्ला कान्त्सोने!"

बेल्ला म्हणजे छान, हे माहीत होतं. कान्त्सोने शोधलं. कान्त्सोने म्हणजे गाणं.

बाईंना वाटलं, व्याह्यांनी गाणं म्हटलं.

९ मार्च

आज धडा नाही. चहा निवला.

१५ मार्च

चाल सुटत नाही. साधं म्हणायला जातो आणि दुसऱ्या शब्दाला डुलायला लागतो. मधलंच वाक्य म्हणायचं तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. ज्या पट्टीने शिकवलं तिनेच बांधून ठेवलं.

दाढीला गेलो होतो. न्हावी जुना, माझ्या काळ्या केसांपासूनचा. तोंड पाडून बसलेला बघून म्हणाला, "काय काका, गाडी रद्द झाली काय?" सगळं सांगितलं. कुणाला तरी सांगायचंच होतं. त्याने साबण लावला, मान मागे केली, वस्तरा गळ्यावर ठेवला आणि म्हणाला, "आता म्हणा."

"असं?"

"असंच. डुललात तर कापेल."

म्हटलं! एकही शब्द हलला नाही. सपाट, सरळ, फलाट सांगितल्यासारखा. तो म्हणाला, "आता तिसरी ओळ." नॉन ले क्रेदा. "आता पहिली." क्वांदो स्ता माले. बाकावर पेपर वाचत बसलेल्या गिऱ्हाइकाने विचारलं, "यांना काय झालंय?" न्हावी म्हणाला, "शिकवणी चालू आहे. तुमचा नंबर नंतर."

पुढचे काही दिवस रोज दाढी.

२७ मार्च

आक्का म्हणते, "गालाची सालं निघाली. कुणाला बघायला जायचंय का?"

३० मार्च

दुसरा फोन.

खुर्चीत मान मागे टाकून बसलो, गळ्यावर वस्तरा आहे असं समजून. आधी म्हटलं, "नॉन कान्त्सोने." गाणं नाही. त्या हसायच्या थांबल्या. मग माझ्या काचेच्या खोलीतल्या आवाजात चार ओळी, एकेक, थांबून थांबून. प्रवाशांनी नोंद घ्यावी.

 मग पलीकडून हळू, प्रत्येक शब्द वेगळा करून : "ओ कापीतो." म्हणजे, मला समजलं. अगदी सुरुवातीच्या धड्यातलं वाक्य, पण त्या वेळी ते इतकं मोठं वाटलं नव्हतं. त्यांनी माझी ओळ मला परत म्हणून दाखवली. पिएगा ई पान्नी. घड्या घालते. सी, सी, म्हटलं. हो, हो.

मग त्यांनी विचारलं, "ए लेइ? कोमे स्ता?" आणि तुम्ही? तुम्ही कसे आहात?

पहिल्याच धड्यातला पहिलाच प्रश्न. त्याच्या उत्तराची तयारीच केली नव्हती. माझ्याबद्दल काही बोलायचं असेल हे ध्यानातच आलं नाही. सकाळपासून डोकं जरा गरगरत होतं. तोंडून गेलं, "निएंते, निएंते."

त्या म्हणाल्या, "नॉन ले क्रेदो."

विश्वास नाही ठेवत. माझंच वाक्य माझ्यावर!

फोन ठेवला आणि आक्काला सांगितलं, "आक्का, मी आज इटालियनमध्ये पकडला गेलो." आणि मग सगळंच सांगितलं, तिसरीतलं कपाट, घड्या, सगळं. ती उठली, माझ्या चहात जास्तीची साखर घातली.

१२ एप्रिल

कुंड्यांचा फोटो. आज एका कुंडीशेजारी फोन ठेवलेला दिसतो. पहाऱ्यावर असल्यासारखा.

२० एप्रिल

मुलगी झाली!! ठकी सुखरूप, बाळ सुखरूप. जावयाने बंदरातून फोन करून सांगितलं. आज त्याचं इंग्रजी माझ्या इंग्रजीला व्यवस्थित भेटलं. दोघेही रडत होतो, शब्द थोडेच लागले.

२३ एप्रिल

ठकीचा फोन. आवाज ओढलेला, पण हसरा.

"बाबा, तुम्ही चुगली केलीत."



तिने सांगितलं ते असं. तारखेला दोन आठवडे होते. सकाळी तिने बाळाचे सगळे धुतलेले कपडे काढले आणि घड्या घालायला बसली. घातलेल्या मोडून पुन्हा घातल्या. विहीणबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. काय होतंय, विचारलं. ही म्हणाली, काही नाही. बाईंनी हातातली किटली खाली ठेवली, घरातल्याच चपलांवर हिला टॅक्सीत घातलं. ही वाटभर म्हणते आहे, निएंते, निएंते. हातात बाळाचा मोजा तसाच. दवाखान्यात लगेच आत घेतलं. रक्तदाब भलताच चढला होता. डॉक्टर म्हणाले, दुपारपर्यंत घरी राहिली असती तर दोघींचं कठीण होतं.

"मला वाटायचं, ते फक्त आईलाच माहीत होतं," ठकी म्हणाली.

"आईलाच माहीत होतं," मी म्हटलं. "मी नुसता निरोप पोचवला."

पण ते तितकंसं खरं नाही. मी पोचवला! या तोंडाने, परक्या भाषेत, सपाट आवाजात. वहीला सांगायला काय हरकत आहे? आजच्याइतकी ताठ मान काचेच्या खोलीतही नव्हती. न्हाव्याकडे पेढे देऊन आलो. तो म्हणाला, "अर्धी पोर माझी."

१८ मे

जावई मोठी रजा घेऊन घरी आला आहे. बाळ फोनमध्ये दिसलं. मी 'बुओन्जोर्नो' म्हटलं तर जांभई दिली. ठकी म्हणाली, "तिच्याशी मराठीत बोला, इटालियन बोलायला इथे पुष्कळ आहेत."

फोन ठेवताना विचारते, "बाबा, डॉक्टर नक्की काय म्हणाले होते हो? त्यांचे शब्द सांगा."

"एकट्याने लांब जायचं नाही."

"एवढंच?"

"एवढंच."

"बरं," म्हणाली आणि विहीणबाईंशी भराभर काहीतरी बोलत फोन बंद केला. बाळाला कधी मांडीवर घेईन असं काही मी बोललो नाही. पण फोन ठेवल्यावर टेबलावरची पुस्तकं उंचीप्रमाणे लावत बसलो. आक्का बघत होती.

९ जून

सकाळी घंटा वाजली. आक्का म्हणाली, "कुणीतरी विकायला आलं असेल, परतव." दार उघडलं तर समोर एक बुटकी, पांढऱ्या केसांची बाई. एका हातात लहानशी बॅग, दुसऱ्या हातात कुंडी. आधी कुंडी ओळखली, मग बाई.

माझं सगळं इटालियन पळालं. त्यांनी बॅग खाली ठेवली, डोळे मिटले, आणि उंबऱ्याबाहेर उभ्या राहून, डुलत, ठकीने घोटून घेतलेली ओळ म्हटली :

"म्हणाली 'न काही', मला ते पटेना."

लगागा लगागा लगागा लगागा. एक ठोका चुकला नाही.

मग माझ्याकडे बोट, स्वतःकडे बोट, आणि दोन बोटं एकत्र. "आन्दियामो." चला.

आक्काने त्यांच्यासाठी चहा ठेवला आहे. मी गाळलेले धडे उघडून बसलो आहे. दोव्हे ला स्तात्सिओने? स्टेशन कुठे आहे?