सहभागी क्रमांक चार

बाबा, आज उपकेंद्रातून घरी आले, हातपाय धुतले आणि कुकर न लावताच ही वही घेऊन बसले. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, आणि आज लिहिते आहे तर तक्रारच, तीही स्वतःची. तुम्ही असते तर चष्मा कपाळावर चढवून म्हटलं असतं, "आता काय करून आली वो माय?" तेच सांगायचं आहे. पण मला एकदम मुद्द्यावर येता येत नाही. आईसारखी आहे मी, आधी सगळं अंगण झाडते आणि मग दाराशी येते.

तुम्ही कुष्ठरोगाचे तंत्रज्ञ होता आणि गावोगावचे लोक तुम्हाला चट्टेवाले बाबूजी म्हणायचे. रविवारी मला सायकलच्या कॅरिअरवर बसवून न्यायचे. ज्या घरी पेशंट, त्या घरापुढे तुम्ही सायकल कधी उभी केली नाही. तीन घरं आधी उतरायचं, तिथं पाणी मागायचं, "रोवणा झाला का जी?" म्हणून भातलावणीचं विचारायचं. मग पुढच्या घरी, मग त्याच्या पुढच्या. पेशंटच्या घरी सहज आल्यासारखं जायचं आणि तिथून निघाल्यावरही आणखी दोन घरी पाणी प्यायचं. मी वैतागायची. "बाबा, तुमाले एवढी तहान काहून लागते?" तुम्ही म्हणायचे, "लागते मले. तू चूप बस." माझे पाय कॅरिअरवर बधिर व्हायचे आणि तुमचं आपलं पाणी चाललेलं. कळायला मला बरीच वर्षं लागली, आणि कळलं तेव्हा मी नोकरीला लागले होते.

सहावीतलं ते तुम्ही विसरला नसणार. वर्गातल्या एका मुलीशी माझं भांडण झालं आणि मी सगळ्यांसमोर बोलून गेले, "तुया मायच्या पाठीवर चट्टा हाय, माया बाबाले ठाव हाय." संध्याकाळी तुम्हाला कळलं. चुलीजवळ आई तुम्हाला वाढत होती. तुम्ही ताट पुढे सरकवलं, हात धुतले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "ते तू नाई बोलली. मी बोललो." मारलं असतं तर बरं झालं असतं. त्या बाईनं तुमच्याकडून औषध घेणं सोडलं. वर्षभर तुम्ही त्या गल्लीत पाणी पीत फिरत राहिले, तिनं दार उघडलं नाही. पुढे तिचं काय झालं हे तुम्ही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

आता माझं ऐका. करडीच्या पलीकडे तलावाकाठची चार गावं माझ्याकडे आहेत. आरोग्य सेविका म्हणून एवढी वर्षं काढली, पण वरून कोणी फोन केला की एकच प्रश्न, सिस्टर, आकडा किती? लसीचा आकडा, बाळंतपणाचा आकडा. मागच्या थंडीत एका मोठ्या शहरातल्या संस्थेची मुलगी आली. गावात काम करणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांवर त्यांचा अभ्यास चालला होता. म्हणाली, "ताई, तुम्हाला कामात काय अवघड जातं, ते तुमच्या शब्दांत सांगा." संमतीपत्र वाचून दाखवलं, नाव कुठेही येणार नाही, तुम्ही सहभागी क्रमांक चार. बाबा, खरं सांगते, मला रडूच यायला लागलं. माझे शब्द कोणाला हवे असतात! मी तिला चहा पाजला, गुळाचे अनरसे दिले, खुर्ची उन्हात ओढली आणि बोलत सुटले. दोन तास बोलत होते. तिनं फक्त मान हलवायची आणि म्हणायचं, मग?

मग मी तिला त्या सुनेचं सांगितलं. मासेमारी करणाऱ्या ढीवरांच्या घरची सून आहे, तिशीही झाली नाही. तिच्या बापाला मुलगा नव्हता, म्हणून त्यानं पोरीलाच जाळं विणायला शिकवलं. सासरी आली तर इथे जाळं पुरुषच विणतात, पण ही ओसरीत बसली की चार पुरुषांना मागे टाकते. एक दिवस लसीकरणाला पोरगी घेऊन आली आणि सगळ्या बाया गेल्या तरी हलेना. म्हणाली, "बाई, माया गाठी ढिल्या पडून राहिल्या. सूत करंगळीत हाय का नाई, तेच समजत नाई." मी तिला डोळे मिटायला लावले आणि तुमच्यासारखंच पेनाच्या टोकानं हातावर टेकवत गेले. करंगळीवर टेकवलं तर ती गप्प. कोपराशी शीर दोरीसारखी जाड लागली. दंडावर दोन चट्टे. डॉक्टरांनी कुष्ठरोगाचं बारा महिन्यांचं औषध लिहिलं. ती माझे हात धरून म्हणाली, "कोनालेच नोका सांगू जी. घरच्यायले बी नाई." सासूला आम्ही दोघींनी मिळून सांगितलं, रक्तवाढीच्या गोळ्या आहेत. त्या गोळ्यांनी अंग काळवंडतं, तर ती सांगायची, तलावावरच्या उन्हानं झालं. महिन्याचा पहिला डोस माझ्यासमोर घ्यायचा असतो. उन्हाळ्यापर्यंत सात महिने ती न चुकता आली. करंगळीत थोडी ताकद यायला लागली होती. आम्ही दोघी मिळून कशी चोरी करतो, असं हसायचोसुद्धा.

त्या थंडीपर्यंतचं हे सगळं मी त्या मुलीला सांगितलं. सुनेचं नाव घेतलं नाही, गावाचं घेतलं नाही. नाव नाही म्हणजे झालं, असं मला वाटलं.

उन्हाळ्यात शहापूरला हायवेवरच्या एका सभागृहात अभ्यासाची माहिती द्यायला सगळ्यांना बोलावलं होतं. तालुक्यातल्या सिस्टर, आशा कार्यकर्त्या, दोन-चार सरपंच, जेवणाची सोय. पडद्यावर अक्षरं आली आणि त्या मुलीनं वाचून दाखवलं. सहभागी क्रमांक चार, आरोग्य सेविका, तलावाकाठची गावं. "तिच्या जाळ्याच्या गाठी सैल पडायला लागल्या, तेव्हा तिला कळलं की आपलं बोट आपलं राहिलं नाही." सगळ्या हॉलमध्ये टाळ्या वाजल्या. माझा ऊर भरून आला. आणि तेवढ्यात मागच्या रांगेतून एक आशा शेजारणीला म्हणाली, हळू म्हणाली पण मला ऐकू आलं, "अवो, जाळं विननारी सून म्हंजे थे आपल्या तलावावरची नाई का?" अगं बाई गं! शहरातल्या माणसाला ती नुसती एक बाई. इथे चार गावांत जाळं विणणारी बाई एकच आहे. त्यापेक्षा मी तिचं नाव घेतलं असतं तर कमी लोकांना कळलं असतं, नावानं तिला ओळखतं कोण? वरणभाताचं ताट तसंच ठेवून मी निघाले. त्याच दिवशी संध्याकाळी बातमी माझ्याआधी गावात पोचली होती.

दुसऱ्या दिवशी गेले तर तिचं ताट, पेला, गोधडी सगळं मागच्या पडवीत नेलेलं. सासूला मी घसा कोरडा होईस्तोवर समजावलं की औषध सुरू झालं की हा रोग कोणाला लागत नाही, सात महिने तुमच्यातच जेवली ना, कोणाला काय झालं? सासू म्हणाली, "आमच्या घरी कोनाले काई झालं नाई. तुमी जा." बाजारात त्यांच्या टोपलीतली मासळी लोक उचलेनात. आणि ती, बाबा, ती माझ्यावर ओरडलीसुद्धा नाही. पडवीत बसल्या बसल्या म्हणाली, "आधी तुमी एकट्या माया हात पाहाले येत होत्या. आता सारं गाव पाहाले येते."

आठवा डोस ती घ्यायला आली नाही. मी घरी नेला. तिनं पाकीट हातात घेतलं, परत माझ्या मांडीवर ठेवलं. म्हणाली, "गोळी खाल्ली का बिमारी हाय. नाई खाल्ली का नाई." मी सांगितलं, बोटं वाकतील, जाळं सुटेल हातातून, मग सगळ्यांनाच दिसेल. "तवाचं तवा पाहू." तिचं खोटं नाही. गोळी घेतली की गावापुढे कबूल केल्यासारखं होतं, नाही घेतली तर निदान आज तरी नवऱ्याला बाजारात मान वर करून सांगता येतं की सिस्टर काहीही बोलते. मला खोटी ठरवण्यातच तिचं आता भलं आहे. कशी जबरदस्ती करू? धरून तोंडात घालू?

त्या मुलीला फोन लावला. ती घाबरून म्हणाली, "ताई, नाव तर कुठेच नव्हतं हो... आम्ही अहवालातून ते काढून टाकतो." पोरगी चांगली आहे, तिला मी काही म्हणाले नाही. अहवालातून काढशील बाई, पण लोकांच्या तोंडातून कसं काढणार? आमच्या डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, आणखी दोनदा भेट द्या, नाही तर रजिस्टरमध्ये 'उपचार सोडला' लिहा. म्हणजे सोडला तिनं. त्या रकान्यात सोडायला लावणारीचं नाव लिहायला जागा नसते.

तुमच्यासारखं करून पाहिलं, तेही सांगते. तीन घरं आधी गाडी उभी केली, पाणी मागितलं. तर ती म्हातारी पाण्याचा लोटा देता देता म्हणते, "तिच्याकडेच जाऊन राहिल्या ना बाई? थे मांगच्या पडवीत हाय." आता मी कोणत्याही दारी पाणी प्यायले तरी लोकांना माहीत असतं मी कोणाकडे चालले. उलट मी गल्लीत दिसले की तिची आठवण निघते. मी गेले तर तिला त्रास, नाही गेले तर तिचा हात जातो. बाबा, अशा वेळी तुम्ही काय केलं असतं? तुम्ही वर्षभर त्या बाईच्या गल्लीत फिरत होता तेव्हा तुम्हालाही असंच वाटायचं का? मला कधी बोलला नाहीत.

आज पुन्हा गेले होते. दार लोटलेलं, ती पडवीच्या कोपऱ्यात पाठ करून बसली होती. मी उंबऱ्यावर बसले, पाकीट पिशवीतून काढलंही नाही. नुसतं म्हटलं, "माझ्या ध्यानातच नाही आलं गं. मला माफ कर." ती म्हणाली, "ध्यानात नाई आलं त् काय करान तुमी. जाऊ द्या." आणि बाबा, ती माझ्याकडे वळून थोडी हसली. मला हलकं वाटावं म्हणून हसली. तिच्या त्या हसण्यानंच मला इथे वहीपुढे आणून बसवलं.

कारण मी तिला जे म्हटलं ते खरं नाही. सभेच्या तीन आठवडे आधी त्या मुलीनं माझं सगळं बोलणं टाइप करून पोस्टानं पाठवलं होतं. सोबत चिठ्ठी होती, ताई, कोणी ओळखू येईल असं काही वाटलं तर खोडून टाका, मग सही करून परत पाठवा. मी ते उपकेंद्राच्या पायरीवर बसून दोनदा वाचलं. पेन्सिल हातात होती. एके ठिकाणी 'सेविका'तली वेलांटी चुकली होती, ती मी दुरुस्त केली. जाळ्याच्या ओळीपाशी पेन्सिल थांबली. मनात आलं, हिला तर कोणीही ओळखेल. आलं होतं मनात, स्पष्ट आलं होतं. पण सगळ्या बारा पानांत तीच ओळ चांगली होती. ती काढली तर मी आपली कोणीही एक सिस्टर, आकडे सांगणारी. वाटलं, हे मी बोलले? मी असं बोलू शकते? आणि खाली सही केली.

त्या मुलीला सांगितलं, लक्षात आलं नाही. डॉक्टरांना तेच, आज तिलाही तेच. ही वही मी कोणाला दाखवणार नाही, आणि तुमच्यापर्यंत ती पोचणार नाही हे ठाऊक आहे म्हणूनच एवढं लिहून झालं. आज तुम्ही समोर असते ना बाबा, तर तुम्हालाही मी हेच सांगितलं असतं, की माझ्या लक्षात आलं नाही.