माझं कधीच न चुकणारं सूर्यघड्याळ

९ फेब्रुवारी
एक जानेवारीपासून रोजनिशी लिहायचं ठरवलं होतं. आधी पेन मिळेना, मग मूड. असो. थोर लोकांची सुरुवात उशिराच होते.

विद्यापीठात नवा कोर्स घेतलाय. विज्ञान, पण इतिहास, संस्कृती, तत्त्वज्ञान यांच्या अंगाने. गणित नाही! माझ्यासाठीच काढलाय जणू. ताई म्हणाली, हा तिसरा कोर्स. यातही गटांगळी खाल्लीस तर भावोजींच्या नटबोल्टच्या दुकानात बसायचं. भावोजी म्हणाले, स्टूल पुसून ठेवतो.

१२ फेब्रुवारी
प्रोजेक्ट: जुन्या पद्धतीचं सूर्यघड्याळ करून रोज नोंदी ठेवणे. बाई म्हणाल्या, एकदा उत्तर दिशा बघून पक्कं बसवा, मग हात लावायचा नाही. ताईच्या पिठाच्या डब्याचं झाकण, मधोमध पेन्सिल. तयार! गच्चीच्या कठड्यावर ठेवलं. उत्तर कुठेय ते उद्या बघू.

१३ फेब्रुवारी, सकाळी
घड्याळ चुकतंय. झाकण जरा फिरवलं. मोबाइलशी तंतोतंत जुळलं! शोध लावणं इतकं सोपं असतं, लोक उगाच बाऊ करतात.

१७ फेब्रुवारी
गच्चीवर जाणं झालं नाही. तत्त्वज्ञान वाचत होतो. दुसऱ्या पानावर शेजारच्याची बाइक बंद पडली, गेलो मदतीला. नोंदींचं काही अडत नाही. जुळतंच, तर मोबाइल बघून लिहिल्या.

२१ फेब्रुवारी
वर्गातली चष्मिश रडकुंडीला आलेली. तिचं घड्याळ पाऊण तास मागे. सगळ्यांचीच मागे, माझंच बरोबर! तिला म्हटलं, रोज थोडं फिरवत जा. ती तोंडाकडे बघतच राहिली. हुशार माणसाकडे लोक असेच बघतात. मग बाईंनी अख्खा तास घेतला: सूर्य आणि घड्याळ जुळत का नाहीत, वेळ ठरवली कोणी. मी मागच्या बाकावर आभाराचं भाषण लिहीत होतो.

२३ फेब्रुवारी
माझ्या नोंदी बघून बाई म्हणाल्या, असं आजवर कोणालाच जमलेलं नाही. सगळ्यांसमोर! वर्ग हसला. जळतात मेले. ताईला म्हटलं, दुकानाचं विसर आता. ती म्हणाली, आधी झाकण आण, पिठात किडे झालेत.

२४ फेब्रुवारी
झाकण धुऊन डब्यावर लावलं. पेन्सिलीने हे लिहितोय.

खालून ताईची हाक. तुझ्या बाई आल्यात, गच्चीवर जायचं म्हणतात. बक्षीस घरपोच!

पुन्हा हाक. बाईंच्या हातात होकायंत्र आहे.

जिन्यातून भावोजी विचारतायत, स्टूल उंच हवं की बुटकं.