दहावी पेटी

वन्संना प्रभूमध्ये सलाम. गुडघे कसे आहेत? बरे आहेत असं धरूनच लिहिते, कारण काम आहे. (माझ्या तब्येतीचं शेवटी.)

मामंजींच्या शवपेट्यांच्या कारखान्याचा देवाला द्यायचा दशांश मी पेट्यांनीच देते, हे तुम्हाला ठाऊक आहे. नऊ पेट्या विकायच्या, दहावं जे घर दारात येईल त्याला फुकट. निवड देवाची, माझी नाही. बारा वर्षं सुरळीत चाललं, कारण कोणाला माहीत नव्हतं. मग आपल्या पाळकांनी (देव त्यांचं भलं करो आणि तोंड बंद ठेवो) भर उपासनेत माझं कौतुक केलं. झालं! मेलेल्याला घरात ठेवून लोक फोन करायला लागले, "बाई, आज कितवी?"

मंगळवारी आठ पेट्या गेलेल्या आणि दारात दोन घरं एकदम. एक तो दोन गाड्यांवाला ठेकेदार, त्याची सासू गेली. दुसरी शाळेतली झाडूवाली, तिचा नवरा गेला. जन्मात कधी रांगेत मागे न राहिलेला हा माणूस हात जोडून तिला म्हणतो, "ताई, तुम्ही आधी." तिला बिचारीला काय कळतंय, ती म्हणते, "नको साहेब, तुम्ही आधी." अर्धा तास हेच! मिस्त्री हसून हसून भुशात बसला. मी ठेकेदाराचा दंड धरला आणि त्याला नववा केला. आता तो सगळीकडे सांगतोय, बाईनं देवाचा नियम मोडला. मोडला. त्या झाडूवालीचा नवरा चांगल्या लाकडात झोपला, मला पुरे.

बाकी ठीक.

तुमची भावजय

ता.क. तब्येत : पोटात गाठ आहे. डॉक्टर दोन महिने म्हणतो, नर्स खाली बघते, म्हणजे एकच.

ता.क. २ : कारखाना तुम्ही घ्या. लहानपणी मामंजींच्या हाताखाली रंधा मारलाय तुम्ही. मेलेल्यांचा धंदा म्हणून रुसून गेलात, तो रुसवा पुरे आता. परक्याला विकला तर तो दहावी पेटी देणार नाही.

ता.क. ३ : मिस्त्रीनं माझी पेटी माप न घेताच केली. माझ्या तोंडाकडे बघवत नाही म्हणाला. वीतभर लांब झालीय, गाढव! असू दे. फक्त माझ्या वेळी आकडा बघा. मी दहावी आले, तर मला तशीच दारात ठेवा आणि मागून जो कोणी गरीब येईल त्याला म्हणा, "तुम्ही आधी." मला थांबणं जमत नाही, तुम्हाला ठाऊकच आहे. पण तेवढं थांबेन.