बाबांच्या कड्यावरचं गाणं

४ मार्च
टाकला एकदाचा व्हिडिओ! साडेसहा मिनिटं. खाणीमागचा कडा आणि त्यावर आमचे चौसष्ट वर्षांचे बाबा. जन्मभर विजेच्या खांबांवर चढले, रिटायर झाल्यावर खांब संपले म्हणून कडे. फोन दगडाला टेकवून ठेवलेला, कारण माझे दोन्ही हात दोराला. आवाजात नुसती बाबांची धाप आणि त्यांचा महिनाभर बसलेला घसा. लोक काय म्हणतील! म्हणून वरून ते गाजलेलं गाणं घातलं, चांगलं मोठ्यानं. अधूनमधून बाबा ओरडतात तेवढं ऐकू येतं. काय उठाव आला म्हणून सांगू! फोन गच्च भरला होता, मूळ तुकडे सगळे पुसून टाकले.

७ मार्च
दोनशे बारा जणांनी पाहिला. त्यातले पन्नास तरी बाबाच असतील. आई त्यांना म्हणाली, "आता जेवायला येता, की ताट तुमच्या चाहत्यांना पाठवू?"

१६ मार्च
बाबांचा घसा अजून तसाच. डॉक्टरांनी नळी घालून आतला तुकडा तपासायला घेतला. तेव्हापासून आवाज येतच नाही, नुसती हवा. दोन दिवसांत येईल म्हणे.

१९ मार्च
येणार नाही. स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज नाही. बाबांनी रिपोर्टच्या पाठीमागे लिहून दाखवलं — "तुझ्या आईची सोय झाली." आई हसली आणि स्वयंपाकघरात जाऊन रडली.

२१ मार्च
आई म्हणाली, आवाज कुठेतरी असेलच की. घर पालथं घातलं. फोटो ढीगभर, आवाज कुठेच नाही! लग्नाच्या व्हिडिओतसुद्धा हे मागे उभे, तोंड बंद. फोनवर तर कायम "आईला देतो" — तेही कोण रेकॉर्ड करणार!
मग आठवलं. कडा! व्हिडिओ लावला. बाबा चढतायत, तोंड उघडतायत — आणि चिडीचूप. खाली एक ओळ. गाण्याच्या मालकांच्या तक्रारीवरून या व्हिडिओतला आवाज बंद केला आहे.
सगळा आवाज. गाणं त्यांचं, पण बाबा माझे होते ना!

२२ मार्च
आवाज परत मिळावा म्हणून फॉर्म भरला. 'गाण्याचे हक्क तुमच्याकडे आहेत का?' हो किंवा नाही. तिसरा रकानाच नाही. गाण्याच्या कंपनीला लांबलचक मेल लिहिली. अर्ध्या मिनिटात उत्तर — आपला संदेश आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.
खोटं कशाला लिहू, त्यांचंही चुकलेलं नाही. आमच्या चष्म्याच्या दुकानातून कुणी न विचारता फ्रेम उचलून नेली, तर मी काय त्याची आरती ओवाळीन?

२४ मार्च
फोन दुरुस्त करणाऱ्याकडे गेले. त्याने तासभर खटपट केली. पुसलेल्या जागेवर नवं बरंच काही साठलंय म्हणाला. काय साठलंय? दुकानातल्या फ्रेमांचे फोटो! "ताई, दुसरीकडे कुठे ठेवला नव्हता?" नव्हता रे बाबा, नव्हता. अक्कल गहाण टाकली होती मी.

२५ मार्च
पुन्हा मेल. पुन्हा महत्त्वाचा संदेश.

२८ मार्च
ऑपरेशन. आत नेताना बाबांनी माझा हात दाबला, ओठ हलवले. मला कळलं नाही. मी उगाच मान डोलावली.

२ एप्रिल
घरी आणलं. गळ्याला भोक, हातात पाटी. दुपारी आई फोन घेऊन बसली आणि तो मुका व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावत राहिली. ओठांवरून ओळखायचा प्रयत्न. "हे बघ, इथे तुझं नाव घेतलंय." कदाचित. कदाचित नुसता श्वास घेतला असेल.
मला राहवलं नाही. सांगून टाकलं — तुमची धाप ऐकू येऊ नये म्हणून गाणं घातलं, मला लाज वाटली होती. बाबांनी पाटी पुढ्यात ओढली. मग लिहिलं, "गाणं छान होतं." याच्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

५ एप्रिल
तिसरी मेल. यात विनवण्या नाहीत, सरळ भांडण. आवाज परत द्या, नाहीतर मी हे सगळीकडे लिहीन. कोण घाबरणार आहे मला?

९ एप्रिल
वकिलाचं पत्र आलं! पुढे त्रास दिलात तर कारवाई होईल. मी गाणं वापरलंच नाही असं म्हणू नये, कारण व्हिडिओची मूळ आवाजासकट पूर्ण प्रत पुरावा म्हणून त्यांच्या कचेरीत जपून ठेवली आहे.
जपून ठेवली आहे! चार वेळा वाचलं. आईऽऽ, त्यांच्याकडे बाबा आहेत!