‘डिलिव्हर’ला पोर्तुगीज शब्द

बीड, ४ एप्रिल १९१२

बाळाचा ठोका नाही. कालही नव्हता. डॉक्टर मडमनी एर्मेलिंदाबाईंच्या पोटावर नळी ठेवली, बराच वेळ ऐकलं, मग माझ्याकडे दिली. मलाही काही ऐकू आलं नाही.

‘डिलिव्हर करावं लागेल, तिला सांग,’ मडम म्हणाल्या.

सांगणार मीच. एर्मेलिंदाबाईंना पोर्तुगीज सोडून काही येत नाही. नवरा पुलाच्या कामावर सिरसाळ्याला. अख्ख्या बीडात ती भाषा जाणणारी मी एकटी — गोव्यात सुईणपण शिकले त्याचा हा उपयोग!

इंग्रजीत एकच शब्द. टपाल पोचवणं तोच, संकटातून सोडवणं तोच, बाळंत करणं तोच. पोर्तुगीजमध्ये तिन्ही वेगळे. बाळंतपणाला म्हणतात ‘दार आ लुश’ — उजेडाला देणं. पोटातच दगावलेल्या मुलाला तो शब्द कसा लावू? मी ‘तिरार’ म्हटलं. काढणं. दात काढण्यालाही तोच शब्द. अचूक आहे.

त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. मी नाडी मोजली.

५ एप्रिल

एरंडेल दिलं. कळा नाहीत.

दाई रहेमतबी अंगावर आली. ‘नर्सबाई, काय सांगितलं तिला? सकाळधरनं पान्याचा घोट न्हाई घेतला!’

‘खरं ते सांगितलं.’

‘आन् लेकरू दाखिवणार का न्हाई?’

‘नाही. मडमचा नियम आहे. पाहिलं की बाई खचते.’

‘मडमला किती लेकरं हायेत?’

नियम मलाही सोयीचा. मीही कधी बघत नाही — गुंडाळते, नेते.

६ एप्रिल

दुपारी झालं. झळांपायी खिडक्यांना वाळ्याचे पडदे, खोलीत अंधार. कंदील मी धरला होता. मुलगा. गुंडाळला, शेजारच्या खोलीत ठेवला. नवरा आला की दफन. हात धुतले.

दूध आटावं म्हणून रहेमतबीने बाईंच्या छातीवर मोगऱ्याची फुलं बांधली. तिला पोर्तुगीज येत नाही. काही अडलं नाही! बाई तिच्या खांद्यावर डोकं टेकून रडल्या. मी पट्ट्या आवरत होते. काही वाटलं नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळी

एर्मेलिंदाबाईंनी हाक मारली. म्हणाल्या, ‘तुम्ही तिरार म्हणालात. दात नव्हता तो माझा. मी त्याला उजेडाला दिलं. कंदील तुमच्याच हातात होता. आणा त्याला.’

मडमना विचारलं नाही. आणला. फडकं सोडलं, कंदील जवळ धरला. त्या बघत राहिल्या.

मीही बघितलं. पहिल्यांदाच.