टोपलंभर गाळ

कुरखेडा, रविवार, १७ मे १९९८

परसातल्या मातीत काय मिसळावं, यावरून आज सासऱ्यांशी, मामाजींशी, वाद झाला. माती चिकण, वाळली की विटेसारखी. शेजारचं शेण अजून ताजं, रोपं जाळेल. मी कुजलेला पालापाचोळा ठरवला होता. त्यानं माती मोकळी होते.

मामाजी अडून बसले. "तलावाचा गाळच पायजे मले."

"गाळानं अजून घट्ट होईन जी."

"होऊ दे."

काऊन हा हट्ट? जन्मभर त्या तलावात मासे धरले त्यांनी. लकवा झाल्यापासून खाटेवरच आहेत, अंगणातही येत नाहीत.

संध्याकाळी टोपलंभर गाळ आणून खाटेजवळ ठेवला. त्यांनी चांगला हात मनगटापर्यंत आत घातला. बोटांना शिंपला लागला असावा. हसले. हात बराच वेळ बाहेर काढला नाही.

मग म्हणाले, "वाफ्यात पालाच टाक, बाई. तुयं बरोबर हाये."

"मग गाळाचं काय करू?"

"राहू दे इथीच. अन् मले उद्या तलावावर नेशीन का?"

किती महिन्यांनी कुठे जायचं म्हणाले! लगेच जाऊन बैलगाडी सांगून आले. टेकायला लोड घ्यावा लागेल, आणि ऊन चढायच्या आत निघायला हवं.