बादूमामांचं रक्त आणि आमचं कुळ

कुमासी, सोमवार

प्रिय सेरवा,

तुला, जावईबुवांना आणि चिमुकल्या अडोमाला या भावाचा नमस्कार, आशीर्वाद, जे घ्यावंसं वाटेल ते. ताकोराडीत मासे ताजे आणि प्रकृती ठणठणीत असेल असं धरून चालतो. कोकोचं शेत माझ्या नावावर झाल्यापासून तू माझा फोन घेत नाहीस (मी तरी कुठे घेतला असता), म्हणून हे पत्र बसच्या ड्रायव्हरकडे देतोय.

तुझ्या वडिलांचं, म्हणजे आमच्या बादूमामांचं, गळ्याचं ऑपरेशन झालं. थायरॉइडमधली कॅन्सरची गाठ काढली. आता धोका टळलाय, पण गाठ आनुवंशिक निघाली. डॉक्टर लाम्पटेबाईंनी समजावलं, की पेशीच्या दारात रिसेप्टर नावाचा निरोप्या असतो. बाहेरून हुकूम आला की त्याने आत ‘वाढा’ म्हणून सांगायचं. मामांच्या जनुकात बिघाड असल्याने त्यांचा निरोप्या हुकमाविनाच ओरडत सुटतो. (नाना बोआटेंग आमच्या कुळप्रमुखांचे प्रवक्ते, आणि प्रमुखांनी तोंड उघडायच्या आत त्यांचं भाषण संपतं, त्यामुळे आम्हाला लगेच कळलं.) मग बाई म्हणाल्या, रक्ताचे सगळे नातेवाईक आणा.

आणले. दोन ट्रोट्रो गाड्या खचाखच भरून. मामांच्या बहिणी, त्यांच्या लेकी, लेकींची पोरं, मी, आणि जोलोफ भाताचं पातेलं. (एक म्हातारी भलत्याच कुळाची निघाली, पण जेवून गेली.) बाईंनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि विचारलं, “यांची स्वतःची मुलं कुठायत?”

नाना काठी टेकत उठले. “मुलं त्यांच्या आईच्या कुळाची, बाई. आमच्या रक्ताशी त्यांचा काय संबंध?”

“अर्धा. बापातला बिघाड प्रत्येक लेकरात यायची शक्यता निम्मी.”

“ते तुमच्या गा जमातीत असेल, तुमच्यात कुळ बापाचं. आमच्यात रक्त आईकडून येतं.”

“जनुकाला कुळ कळत नाही, नाना,” बाई शांतपणे म्हणाल्या, आणि आम्ही सगळे पंख्याकडे बघत बसलो.

धाकट्या मावशीत तो बिघाड सापडला, माझ्यात नाही. रिवाजाप्रमाणे मामांचं शेत भाच्याला, आणि मामांचं दुखणं कदाचित लेकीला. मला लाज वाटली, सेरवा. तर कुळाने बैठक घेऊन एकमताने ठरवलंय, की तुला मानाने बोलवावं. शुक्रवारी ये.

तुझा आतेभाऊ,
ओपोकु

ता.क. एकमताचं खोटं लिहिलं. एकमत झालं ते तुला न कळवण्यावर. आज रक्तात वाटा दिला तर उद्या ती शेतात मागेल, असं नानांचं म्हणणं. कुणी विचारलंच, तर वडिलांना भेटायला आले म्हण.

ता.क. अडोमाला आणच. बिघाड लहानपणीच कळला, तर गाठ होण्याआधीच ग्रंथी काढता येते.

ता.क. मामांचा आवाज अजून नीट फुटत नाही. काल मला खुणेने जवळ बोलावून कुजबुजले, “माझ्या पोरीचा गळा कुणीतरी बघा रे.” मी ‘बघतो’ म्हणून आलोय. ये.